गावाला जाताना केलेल्या सह्या

वसुंधरा राणेने भोईर स्प्रिंग्ज सोडली त्याला पाच महिने आणि तीन आठवडे झाले होते, आणि गेल्या मंगळवारी तिने तिथे अकराशे स्प्रिंगा तपासून पास केल्या होत्या. निदान कागद तरी तसं म्हणत होता. तारीख मंगळवारची, 'तपासणार' या रकान्यात सही, आणि सही तिचीच. बनावट वगैरे काही नाही. 'व'चं पोट जरा फुगलेलं आणि 'राणे'च्या शेवटी, बस चुकेल अशा घाईने ओढलेली शेपटी. अशी सही वसई तालुक्यात दुसरं कोणी करत नसे. करायचं कारणही नव्हतं.

कागद तिच्या हातात आला तो ऊर्ध्व एलिव्हेटर्सच्या चिंचोटीच्या कारखान्यात. ऊर्ध्वमध्ये लिफ्ट बनतात आणि साडेनऊशे माणसं कामाला आहेत. पुरवठादाराचा माल आला की सोबतचा तपासणी रिपोर्ट वाचायचा आणि माल आत घ्यायचा की नाही ते ठरवायचं, हे तिचं काम. भोईरांचे कागद खरं तर शेजारच्या टेबलावरचा ऑस्टिन बघायचा. पण त्याला मुलगी झाली आणि तो पंधरा दिवसांच्या पितृत्व रजेवर गेला. अशी रजा असते हे भोईर स्प्रिंग्जमध्ये कोणाला पटलं नसतं, आणि पटलं असतं तर 'बाळंत तू झालास का' असं विचारलं असतं. तर ऑस्टिनचा गठ्ठा वसुंधराकडे आला, आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ती स्वतःच होती.

पुढच्या बुधवारी तिची नोकरी पक्की व्हायची होती.

भोईर स्प्रिंग्ज म्हणजे वालीवच्या एका औद्योगिक वसाहतीतला तळमजल्यावरचा गाळा. नऊ माणसं, तीन मशीन, एक भट्टी, एक संडास. त्या संडासाची किल्ली मालकाच्या टेबलाच्या खिळ्याला, त्यामुळे कोण किती वेळा जातं हे मालकाला न मोजता कळायचं. मालक बळीराम भोईर. ज्या जमिनीवर गाळा उभा आहे तिथे त्याचे वडील भात लावायचे. बळीरामने भाताऐवजी स्प्रिंगा लावल्या, पण शेतकऱ्याची रीत सोडली नाही. आल्यागेल्याला जेवण, आणि कामाला वेळकाळ नाही. वसुंधरा तिथे चौदा वर्षं होती. सकाळी ती तपासनीस असायची, दुपारी पॅकिंगवाली, टेम्पो आला की गेटपास लिहिणारी, आणि मुंबईहून कोणी मोठं गिऱ्हाईक आलं की 'आमच्या क्वालिटी मॅनेजर'. व्हिजिटिंग कार्ड छापताना बळीरामने तिलाच विचारलं होतं, काय लिहू? तिने लाजून 'सुपरवायझर' सांगितलं. त्याने 'जनरल मॅनेजर' छापलं, कारण प्रेसवाल्याकडे ती अक्षरं आधीच जुळवलेली होती.

तिची सासू पडली तेव्हा बळीरामने मालाचा टेम्पो अर्ध्या रस्त्यातून वळवला आणि तिला स्प्रिंगांच्या खोक्यांमध्ये टेकवून हॉस्पिटलात नेलं. हा छोट्या कंपनीचा फायदा. तोटा असा की त्यानंतर वसुंधराला बळीरामच्या कुठल्याही कामाला नाही म्हणता आलं नाही. रजा मिळायची, पण मागून. पगार वाढायचा, पण बळीरामला आठवलं की. मेडिक्लेम म्हणजे बळीरामचा मोबाईल नंबर.

ऊर्ध्वमध्ये रजा अॅपवर टाकली की चार सेकंदांत मंजूर होते. एव्हरशाईन सिटीच्या नाक्यावर कंपनीची बस येते. संडासाला किल्ली नाही; तिथे फुलांचा वास येतो आणि आरशाखाली हात कसे धुवावेत याची सहा चित्रं आहेत. तोटा असा की पाच महिन्यांत तिला नावाने हाक मारणारी चारच माणसं होती, आणि त्यातला एक पितृत्व रजेवर होता.

आता त्या सहीबद्दल.

राणे मंडळी कोकणातली. गणपतीला आठ दिवस गावाला जाणं हा त्यांच्याकडे सण नव्हे, कायदा आहे. बळीरामचा गणपती घरीच, वालीवला, त्यामुळे माणूस गणपतीसाठी एवढ्या लांब का जातो हे त्याला कधी समजलं नाही. पण त्याने अडवलं नाही. पहिल्याच वर्षी तो म्हणाला, जा, पन सह्या ठेवून जा. मोठ्या कंपन्यांना रिपोर्टावर सही लागते आणि टेम्पो गणपतीसाठी थांबत नाही. वसुंधराने वीस कोऱ्या रिपोर्टांवर सह्या केल्या आणि मोदक खायला निघून गेली. मग ती पद्धतच पडली. मर्विन डिमेलो, मशीनवरचा माणूस, नाताळच्या आधी गेटपासवर सह्या करून जायचा. घर सोडताना पिठाचा डबा भरून ठेवावा तशा तिथे लोक सह्या भरून ठेवत.

आणि वसुंधरा कायमची निघाली त्या दिवशी बळीरामच्या बायकोने, सत्यवतीवहिनीने, तिची ओटी भरली. वसुंधराला रडू फुटलं. त्या भरात तिने शंभर पानांचं अख्खं पॅड घेतलं आणि शेवटच्या पानापर्यंत सह्या केल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. तिला वाटलं, एवढं तर करून जावं.

गुरुवारी दुपारपर्यंत तिने जुने कागद काढले. ती गेल्यापासून तेवीस लॉट आले होते. तेवीस रिपोर्ट, तेवीस सह्या. आकडे सत्यवतीवहिनीच्या शाळकरी, गोल अक्षरात. प्रत्येक रिपोर्टवर तेच आकडे, दशांशापर्यंत तेच. ते आकडे तिला पाठ होते, कारण ते तिच्या शेवटच्या खऱ्या रिपोर्टवरचे होते. देवापुढचं स्तोत्र म्हणावं तसं वहिनी दर लॉटला ते उतरवत होत्या.

तेवीस वेळा हे कागद ऊर्ध्वमध्ये चार माणसांच्या हातून गेले होते. सही आहे का? आहे. रकाने भरलेत का? भरलेत. शिक्का? आहे. साडेनऊशे माणसांत एकालाही असं वाटलं नाही की ही बाई तर वर पहिल्या मजल्यावर एसीत शाल पांघरून बसलेली असते.

डबा खाता खाता तिने बळीरामला फोन लावला. सरळ विचारलं, दादा, स्प्रिंगा कोण तपासतं? फोनवर बळीराम खूष झाला. म्हणाला, तुझीच सही चाललीये अजून, रोज तुझं नाव निघतं. गाळ्यातल्या देवाच्या फोटोखाली ठेवलंय पॅड. तिने पुन्हा विचारलं, तपासतं कोण?

"मर्विन बघतो ना. हातानी दाबून."

"हाताने?"

"वीस वर्सांचा हात हाय तो, वसु. मशीन काय त्याच्यापुढं."

तिने फोन ठेवला. ही स्प्रिंग लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसते. वीज गेली की लिफ्टला जागच्या जागी धरून ठेवायचं काम तिचं. भट्टीत पुरी शेकली नाही तर ती दिसायला तशीच दिसते, दाबायलाही तशीच लागते, पण काही दिवसांनी 'बसते', म्हणजे उंचीला कमी होते आणि जोर सोडते. ते हाताला कळत नाही. त्याला एकच उपाय: काट्यावर, म्हणजे दाब मोजायच्या यंत्रावर, तीन वेळा पूर्ण दाबायची, सोडायची, मग उंची मोजायची. चौदा वर्षं हे ती करत होती, आणि टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत असताना 'अजून शेकायची आहे' म्हणायचं कामही तीच करत होती. त्या कामाला रिपोर्टात रकाना नव्हता.

तिने स्टोअरमधून स्प्रिंगा मागवल्या. त्यासाठी तीन माणसांच्या परवानग्या लागल्या, आणि तीनही मिळाल्या, कारण कशासाठी हे कोणी विचारलं नाही. इथे ऊर्ध्वच्या मंद कारभाराचा मोठा उपकार उघड झाला. तेवीसपैकी सतरा लॉट अजून स्टोअरमध्येच पडून होते, कुठल्या तरी मंजुरीची वाट बघत. चार खाली जुळणीच्या शेडमध्ये होते. फक्त दोन लॉट ब्रेकमध्ये बसून कारखान्याबाहेर गेले होते. छोट्या कंपनीत माल असता तर एव्हाना साऱ्या विरारला लटकत असता.

सतरा लॉटमधल्या दहा-दहा स्प्रिंगा तिने संध्याकाळपर्यंत काट्यावर घेतल्या. तेरा लॉट व्यवस्थित निघाले. मर्विनचा हात अगदीच वाईट नव्हता. चार लॉटच्या स्प्रिंगा दोन मिलिमीटर बसल्या.

शुक्रवारी सकाळी ती प्रितेशकडे गेली. प्रितेश तिचा साहेब. बत्तीस वर्षांचा, हुशार, सभ्य, आणि तिच्याशी बोलताना नेहमी खुर्चीतून अर्धा उठलेला. तिने कागद पुढे ठेवले. त्याने कॉम्प्युटरवर भोईर स्प्रिंग्जचं पान उघडलं, त्यात नोंदलेल्या सहीशी सही ताडून बघितली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"सही बरोबर आहे, मॅम."

"बरोबरच असणार. माझी आहे."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. यावेळी तो पूर्ण बसला. मग त्याने दार लावलं आणि अत्यंत आपुलकीने तिला मोठ्या कंपनीतलं शहाणपण समजावलं. बुधवारी तुमचं कन्फर्मेशन आहे. गुरुवारी हा विषय काढला तर तुम्ही पक्क्या नोकरीतल्या जागरूक कर्मचारी. आज काढला तर तुम्ही प्रोबेशनवरच्या... त्याला शब्द सापडेना. सहा दिवसांनी काय बिघडतं, मॅम? माल तर स्टोअरमध्येच आहे. बाहेर गेलेले दोन लॉट कदाचित चांगलेही असतील.

"कदाचित," वसुंधरा म्हणाली. "त्या लिफ्ट कुठे लागल्यात ते सांगता का मला?"

त्याने शोधलं. त्यातली एक इमारत फुलपाड्याला होती, चौदा मजल्यांची, लोक राहायला आलेली.

ती आपल्या टेबलावर आली आणि 'होल्ड'चा फॉर्म उघडला. माल अडवायचा तर कारण निवडावं लागतं. चौदा कारणं दिली होती: माप चूक, गंज, ओलं पॅकिंग, कागद अपूर्ण. 'तपासनीस आपल्याकडेच नोकरीला आहे' हे त्यांत नव्हतं. तिने 'इतर' निवडलं. खाली रकाना होता: जबाबदार व्यक्ती. तिने स्वतःचं नाव टाकलं. कॉम्प्युटरने विचारलं, ही व्यक्ती कंपनीची कर्मचारी आहे का? तिने 'होय' दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला हे सही करायच्या आधी विचारत होतं. तिने बटण दाबलं, आणि तेवीस लॉटपुढे लाल खूण उमटली. बाहेर गेलेल्या दोन लॉटच्या लिफ्ट तपासेपर्यंत बंद ठेवायचा निरोपही त्याच फॉर्मने गेला.

घरी नवऱ्याला, कृष्णाला, तिने जेवताना सांगितलं. तो घास हातात धरून म्हणाला की तिने जुनी नोकरी बुडवली, नवीही बुडवली, आणि दोन्ही एकाच सहीने; अशी बचत त्यांच्या घराण्यात कोणाला जमली नव्हती. मग त्याने विचारलं, फुलपाड्याची लिफ्ट बंद केली का? केली, ती म्हणाली. मग वाढ, म्हणाला.

नोकरी पक्की करायची बुधवारची मुलाखत सोमवारीच झाली. टेबलापलीकडे एचआरची दिपिका, प्रितेश आणि एक न बोलणारे गृहस्थ. दिपिका गोड मुलगी. पहिल्या दिवशी तिनेच वसुंधराला त्रेचाळीस पानं भरायला दिली होती आणि पुरवठादारांमध्ये कोणी नातेवाईक आहे का असं विचारलं होतं. वसुंधराने नाही लिहिलं होतं. ओटी भरल्याने नातं होतं का, याचा खुलासा फॉर्ममध्ये नव्हता.

दिपिकाने एक कागद पुढे सरकवला. मजकूर टाईप केलेला होता, सहीची जागा मोकळी. तिने हळुवार समजावलं. कंपनीच्या दृष्टीने मॅमच इथे फसवल्या गेल्यात. त्यांच्या सहीचा त्यांच्या नकळत वापर झाला, एवढं लिहून दिलं की विषय पुरवठादाराचा होतो. पुरवठादार यादीतून जाईल. बुधवारचं पत्र तयार आहे.

वसुंधराने कागद वाचला. सगळा. मोठ्या कंपनीत आल्यापासून तिला ती सवय लागली होती.

"यात 'नकळत' लिहिलंय."

"फॉर्मॅलिटी आहे, मॅम."

"सह्या मी केल्यात. कोऱ्या कागदावर, शंभर, राजीखुशीने. त्यांनी मागितल्याही नव्हत्या. वापरल्या ही त्यांची चूक, ठेवल्या ही माझी. हे असं लिहून आणा, मी लगेच करते."

न बोलणारे गृहस्थ पहिल्यांदा बोलले. म्हणाले, बाई, याने तुमचं नुकसान होईल हे समजतंय ना? वसुंधरा म्हणाली, समजतंय. पण न बघता सही करायचा कोटा माझा संपलाय.

मग तिने पुढचं मांडलं. भोईरला यादीतून काढलंत तर हीच स्प्रिंग दुसरीकडून येईल, दुसऱ्या सहीने, आणि ती सही तुम्ही ओळखणार नाही. ही निदान ओळखीची आहे. मला तिथे चार दिवस पाठवा. माणूस तयार करते, काट्यावरचे आकडे थेट तुमच्या कॉम्प्युटरवर येतील अशी सोय करते. नाही जमलं तर दोघांनाही काढा, मला आणि भोईरला.

निर्णय व्हायला नऊ दिवस लागले. बाहेर गेलेले दोन लॉट बदलले गेले. त्यातला एक चांगला निघाला; फुलपाड्याचा मात्र बसलेला होता. भोईर यादीत राहिले, आणि वसुंधराला तिथे चार दिवस जायची परवानगी, एक ताकीद आणि आणखी सहा महिने प्रोबेशन मिळालं. तसं पत्र मेलवर आलं. तळाशी लिहिलं होतं: हे पत्र संगणकाने तयार केले असल्याने सहीची आवश्यकता नाही.

गाळ्यात ती पोचली तेव्हा बळीराम तिच्याकडे पाठ करून भट्टीकडे बघत बसला होता. मर्विनने मशीन बंद केलं नाही, नुसती मान हलवली. चहा आला, पण कपाखाली बशी नव्हती.

"घरचीच बाय घरावर उठली," बळीराम भट्टीला म्हणाला. "टेम्पो वळवला होता मी तुझ्या सासूसाठी. ईसरलीस."

"नाही विसरले. त्या फुलपाड्याच्या बिल्डिंगीतही सासवा आहेत, दादा."

"कोन पडला का? कोन मेला का?"

"मेल्यावर सांगायला आले असते तर आवडलं असतं?"

त्यावर त्याने मर्विनला मशीन बंद करायला सांगितलं. वसुंधराने पॅड मागितलं. सत्यवतीवहिनींनी फोटोखालून ते काढून आणलं. सत्त्याहत्तर पानं उरली होती. वसुंधराने प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, आणि नियमाप्रमाणे रद्द केल्याची सही केली. सत्त्याहत्तर सह्या. हात दुखला. यावेळी प्रत्येक पान तिने बघितलं.

मग प्रश्न आला की आता सही कोणाची. मर्विनने हात वर केले. जो स्प्रिंग बनवतो त्यानेच ती पास करायची, हे त्यालाही बरं दिसत नव्हतं. बळीराम म्हणाला, माझी घ्या. वसुंधरा म्हणाली, तुम्ही टेम्पोवाल्याला नाही म्हणू शकत नाही. तिची नजर वहिनींवर गेली. तेवीस रिपोर्टांचे आकडे एकही खाडाखोड न करता लिहिणारी बाई ती.

"मी दहावी नापास हाय गं," वहिनी म्हणाल्या.

"काट्याला माहीत नाही."

चार दिवस वसुंधराने त्यांना शिकवलं. वहिनींनी स्प्रिंग तशी धरली जशी त्या बाजारात भाजी धरत. विकणाऱ्यावर मुळीच विश्वास न ठेवता. तिसऱ्या दिवशी त्या भट्टीचं घड्याळ बघून मर्विनला दम द्यायला लागल्या. चौथ्या दिवशी वसुंधरा चिंचोटीला परतली.

पुढच्या मंगळवारी टेबलावरचा फोन वाजला. बळीराम होता, आणि तो मोठ्या मुश्किलीने हळू बोलत होता. टेम्पो दारात उभा आहे. माल भरलाय. आणि ही सही करत नाही. नापास म्हणते. माझा गाळा, माझा काटा, माझी बायको, आणि मलाच नापास. तू सांग तिला, वसु, तुझं ऐकते ती.

वसुंधराने फोन वहिनींना द्यायला सांगितलं आणि विचारलं, किती बसतेय?

"दीड," वहिनी म्हणाल्या. "धा स्प्रिंगांतल्या सहा. तीनदा दाबून बगितल्या. याला सांगितलं, परत शेकव, तर टेम्पोवाल्याचं तोंड बगतो."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"नापास लिवलं. सही केली खाली. पयली सही हाय माझी, चुकली नाय ना?"

"नाही चुकली," वसुंधरा म्हणाली.

टेम्पो रिकामा गेला. ऊर्ध्वच्या कॉम्प्युटरवर भोईर स्प्रिंग्जपुढे त्या दिवशी 'विलंब' अशी नोंद झाली, दोन गुण कापले गेले, आणि ती नोंद पहिल्या मजल्यावरच्या वसुंधरा राणेने केली, प्रोबेशनवर.